उसना गळा

जॉन गे याच्या ‘बेगर्स ऑपेरा’ या १७२८ सालच्या विनोदी संगीतिकेवरून पीटर ब्रुक यांनी १९५३ मध्ये रंगीत चित्रपट काढला. चोर आणि मुत्सद्दी एकाच माळेचे मणी, हे मूळ कृतीचे मर्म. इटालियन संगीतिकेची थट्टा करीत गे याने लोकांच्या ओठांवरील चालींना बोचरे शब्द दिले. चाल गोड आणि शब्द तिखट, या विसंगतीतच त्याचा उपहास आहे.

चित्रपटात मॅकहीथ या वाटमाऱ्याची भूमिका करणारे लॉरेन्स ऑलिव्हिए स्वतः गायले. त्यांचा गळा कसलेल्या गवयाचा नाही, हे खरे. तथापि आम्हांस तोच उचित वाटतो, कारण त्यातून पात्र बोलते. स्टॅन्ली हॉलोवे यांचा अपवाद वगळता इतर प्रमुख पात्रांना मात्र निष्णात गायकांचे उसने गळे लाभले आहेत. परिणामी पद सुरू होताच पात्र मागे सरते आणि जिची थट्टा करावयाची तीच गायकी सिंहासनावर बसते.

संगीत नाटकावर पोसलेल्या आपणा मराठी रसिकांस हा दोष अपरिचित नाही. पदाने प्रसंग गिळावा आणि आपण ‘वन्स मोअर’ म्हणावे, असे आपल्याकडेही घडलेच आहे. रसिकतेची ही उणीव वर्गात नाटक शिकविताना आपण प्रथम आपल्यातच शोधावी, हे बरे.