एकगीती कॅसेट आणि सलग बैठक

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली कॅसेट मुख्यतः बोलणे टिपून घेण्यासाठी योजिलेली होती; संगीताने तिच्यावर पुढे ताबा मिळविला. इंग्लंडमध्ये १९८० साली बो वाव वाव या गायकवृंदाने काढलेली 'सी-३० सी-६० सी-९० गो' ही एका गीताची पहिली कॅसेट मानली जाते. तिच्या नावातील आकडे कोऱ्या कॅसेटींच्या मिनिटांचे होत. अशा कॅसेटीसाठी इंग्रजीत 'कॅसिंगल' हा जोडशब्दही घडला. मराठीत मात्र ही वस्तू रुजली नाही आणि तिला नावही मिळाले नाही. असे का व्हावे?

पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात, स्वस्त कॅसेटीमुळे ध्वनिमुद्रणाची सूत्रे मोठ्या कंपनीकडून लहान उत्पादकांकडे कशी गेली, हे उत्तर भारतापुरते दाखविले आहे. ते विवेचन ग्राह्य मानूनही असे म्हणावे लागते की, किमतीइतकाच अवधीचाही विचार व्हावयास हवा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीने मराठी गायकाला एका बाजूस सुमारे साडेतीन मिनिटांत कोंडले होते. साठ मिनिटांच्या कॅसेटीने प्रत्येक बाजूस अर्धा तास दिला. कीर्तन, पोवाडा, भीमगीतांची मालिका आणि त्यांमधील निवेदन सलग राहू शकले. सुटलेल्या कोंडीत पुन्हा शिरण्याचे येथे कारणच नव्हते. 'कॅसेट' या शब्दाने मराठी श्रोत्याला गीतांची अखंड बैठकच अभिप्रेत असे. तेच ते बोलणाऱ्यास "तीच कॅसेट लावू नकोस" असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात लांबलेले बोलणेच असते.

या भेदाच्या विस्मरणाने आज हानी होत आहे. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरविताना गीते सुटी केली जातात आणि मधले बोलणे पुष्कळदा गाळले जाते. नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांना लागून असलेल्या वैजापूर तालुक्याच्या बोलीचा अभ्यास करणाऱ्यास नेमके तेच हवे असते. कारण गीताची भाषा छंदाने बांधलेली असते, निवेदनाची मोकळी. फितीवरील चुंबकीय लेप दिवसेंदिवस झिजत आहे. म्हणून प्रत्येक बाजू आरंभापासून अखेरपर्यंत न तोडता उतरवावी व गीतांचा क्रमही नोंदवावा. बाजाराने जी फाळणी येथे केली नाही, ती संशोधकाने करू नये.