घडलेला इतिहास आणि घडविलेला इतिहास

आयर्लंडच्या उत्तरेस फॉइल नदीच्या काठी तटबंदीचे एक जुने शहर आहे. तेथील कॅथलिक लोक त्याला ‘डेरी’ म्हणतात. प्रॉटेस्टंट समाजातील पुष्कळजण ‘लंडनडेरी’ या नावाचा आग्रह धरतात. ज्या गावाच्या नावावर एकमत नाही, त्याच्या इतिहासावर ते कोठून असणार? याच शहरातील गिल्डहॉलमध्ये २० सप्टेंबर १९८८ रोजी ब्रायन फ्रील यांच्या ‘मेकिंग हिस्टरी’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. शीर्षकात श्लेष आहे. पराक्रम गाजविणारा इतिहास घडवितो, आणि लेखणी घेऊन बसलेला माणूसही तो घडवितो. या नाटकाला आता तीन तपे उलटून गेली. तरीही आमच्या वाचकांनी त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते; कारण त्यातील इतिहासकार एक आर्चबिशप आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. उत्तर आयर्लंडमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस पेटलेल्या आणि तीन दशके धुमसत राहिलेल्या संघर्षाने सुमारे साडेतीन हजार माणसांचा बळी घेतला. घरे, नोकऱ्या, मतदानाचे हक्क ही त्याची तात्कालिक कारणे खरीच होती. डेरीत कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांची आखणीच अशी होती की नगरपालिका युनियनिस्टांच्या हातून निसटू नये. परंतु या भांडणाला भाषा पुरविली ती इतिहासाने. कॅथलिक राष्ट्रवादी रोझरीचे मणी ओढावेत तशी वर्षे मोजतो: १६०७, गेलिक सरदारांचे देशत्याग, १६०९, अल्स्टरमधील परकी वसाहत, १६४९, क्रॉमवेलने द्रॉएडा येथे केलेली कत्तल, १८४५, बटाट्याचा दुष्काळ, १९१६, डब्लिनमधील ईस्टरचा उठाव. प्रॉटेस्टंट घरातील माळ वेगळी असते: १६४१, कॅथलिक बंडात झालेली वसाहतवाल्यांची हत्या, १६८९, डेरीचा वेढा, १६९०, बॉइन नदीवर राजा विल्यमचा विजय, १९१६, सोमच्या रणभूमीवर पडलेले अल्स्टरचे तरुण. १९१६ दोन्ही माळांत आहे, परंतु हुतात्मे निराळे आहेत.

या दोन्ही याद्यांतील नोंदी बव्हंशी खऱ्याच आहेत. खोट शिरते ती गाळलेल्या जागांत. बॉइनच्या लढाईच्या काळात कॅथलिक स्पेन आणि कॅथलिक सम्राट लिओपोल्ड हे दोघेही विल्यमच्याच गोटात होते. ऑरेंज मिरवणुकीच्या ढोलताशांत ही गोष्ट ऐकू येत नाही. आणि कॅथलिक घरातील आजोबाही ती नातवंडांना सांगत नाहीत. दोघांनाही ती सोयीची नाही.

फ्रील यांनी आपल्या नाटकासाठी पहिल्या माळेतला अगदी आरंभीचा मणी उचलला. टायरोनचा अर्ल ह्यू ओनील हा राणी एलिझाबेथविरुद्धच्या नऊ वर्षांच्या युद्धाचा नायक. त्याने १५९८ साली यलो फोर्ड येथे इंग्रजांचा मोठा पराभव केला. पुढे १६०१च्या अखेरीस किन्सेल येथे स्पॅनिश मदत येऊनही तो हरला, १६०७ साली देश सोडून निघाला आणि १६१६ साली रोममध्ये वारला. राष्ट्रवाद्यांच्या स्मृतीत तो निष्कलंक वीर आहे. फ्रील यांचा ओनील मात्र दोन जगांत विभागलेला आहे. त्याचे तारुण्य इंग्रज घराण्याच्या सहवासात गेले आहे, आणि तो मेबल बॅगनल या इंग्रज वसाहतवाल्यांच्या कन्येशी विवाह करतो. तिचा भाऊ हेन्री हा राणीचा मार्शल. यलो फोर्डच्या लढाईत तोच मारला गेला.

मेबलची बहीण मेरी तिला भेटावयास येते तो प्रवेश आम्हांस नाटकातील सर्वांत सुंदर वाटतो. मेरी माहेरच्या बागेतील बियाणे घेऊन येते आणि बजावते की शेपूच्या वाफ्याजवळ बडीशेप लावू नकोस, त्यांचा संकर होईल. बोलणे बागेचे आहे, पण त्यात संपूर्ण वसाहतीची भीती दडलेली आहे: आपण आणि ते एकमेकांत मिसळलो तर आपण उरणार नाही. ज्या घरात ती हे सांगते त्या घरात संकर आधीच झालेला आहे. कित्येक पानांच्या व्याख्यानाने जे साधले नसते, ते फ्रील यांनी दोन बियांत साधले आहे.

शेवटचा प्रवेश रोममध्ये घडतो. थकलेला, कर्जबाजारी, मद्याच्या आहारी गेलेला ओनील आर्चबिशप पीटर लोम्बार्ड यांच्याशी वाद घालतो. लोम्बार्ड त्याचे चरित्र लिहीत आहेत. त्यांच्या आराखड्यात किन्सेलचा पराभव गौरवगाथा झाला आहे, पलायन हे भव्य प्रयाण झाले आहे, आणि मेबल जवळजवळ नाहीशी झाली आहे. ओनीलची विनवणी एवढीच की मला माझ्या चुकांसह, शरणपत्रासह आणि मेबलसह लिहा. लोम्बार्ड हे दुष्ट नाहीत. त्यांचे म्हणणे असे की पराभूत, विस्कळीत लोकांना आज एका वीराची गरज आहे. इतर सत्ये पुढे कोणीतरी सांगेल. अखेरीस एकीकडे लोम्बार्ड आपला गौरवग्रंथ वाचतात, दुसरीकडे ओनील राणीला दिलेले शरणपत्र आठवून म्हणतो. दोन आवाज एकमेकांवर पडतात आणि पडदा पडतो.

आता आमचे आक्षेप. खरे लोम्बार्ड नाटकातल्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचे होते. त्यांनी आपला लॅटिन ग्रंथ १६००च्या सुमारास, युद्ध चालू असताना, पोप क्लेमेंट आठवे यांनी ओनीलच्या पाठीशी उभे राहावे म्हणून रचला. म्हणजे तो मृत्युलेख नव्हता, विनंतीअर्ज होता. अर्माचे आर्चबिशप नेमले गेल्यावर त्यांनी आपल्या धर्मप्रांतात कधी पाऊल ठेवले नाही; पुढे तर ते राजा जेम्सशी जुळवून घेण्याच्या मताचे झाले. मेबलही प्रत्यक्षात १५९५ साली, म्हणजे किन्सेलच्या कितीतरी आधी वारली होती; फ्रील यांनी तिचा मृत्यू पराभवानंतर नेला आहे. याचा अर्थ लोम्बार्ड जे करतात तेच नाटककारानेही केले. फरक एवढाच की वस्तुस्थिती आणि कथा यांत विरोध आला तेथे आपण कथेच्या बाजूस राहिलो, हे त्यांनी स्वतःच प्रेक्षकांना सांगून टाकले. हा फरक आम्ही लहान मानत नाही. तिसरा आक्षेप मात्र कायम राहतो. प्रॉटेस्टंट वसाहतीच्या वाट्याला मेरीचा एकच प्रवेश येतो. ती उणीव फ्रँक मॅकगिनेस यांच्या सोमच्या लढाईवरील १९८५ सालच्या नाटकाने भरून काढली. आणि मॅकगिनेस हे डोनेगलचे कॅथलिक, ही विशेष गोष्ट.

इतर सत्ये पुढे कोणीतरी सांगेल, या लोम्बार्ड यांच्या युक्तिवादाची किंमत डेरी शहराने मोजली आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी तेथे ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. १३ माणसे त्याच दिवशी गेली, एक नंतर वारला. त्याच वर्षीच्या सरकारी अहवालाने सैनिकांची बाजू सावरली. मृत निरपराध होते हे सॅव्हिल अहवालाने मान्य करावयास २०१० साल उजाडले, आणि तेव्हा पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. ३८ वर्षे! या मधल्या काळात त्या दाबलेल्या सत्याने किती तरुणांच्या हाती बंदुका दिल्या असतील? दुसऱ्या बाजूचे मृतही तितकेच मोलाचे आहेत. नाटकाच्या आदल्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९८७ रोजी, एनिस्किलन येथे युद्धमृतांना आदरांजली वाहण्यासाठी जमलेल्या लोकांत आयआरएचा बॉम्ब फुटला आणि ११ जण ठार झाले. डेरीचे दुःख सांगताना एनिस्किलन गाळणारा कॅथलिक हा लोम्बार्ड यांचाच शिष्य होय.

१० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला. त्याने दोन्ही इतिहास एक केले नाहीत. आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क त्याने तेथे जन्मलेल्या लोकांना दिला. दोन स्मृती शेजारी शेजारी नांदू शकतात, इतकेच त्याने मान्य केले. आणि तेवढ्यानेही पुष्कळ जीव वाचले.

प्रायश्चित्त संस्काराला जाणारा मनुष्य स्वतःची पापे सांगतो. शेजाऱ्याची सांगू लागला तर धर्मगुरू त्याला थांबवितो. राष्ट्रांचे आणि समाजांचे इतिहास बहुधा नेमके उलटे असतात. म्हणूनच १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतपापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, ती घटना आम्हांस थोर वाटते. आमच्या धर्मग्रामांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका लिहिणाऱ्यांनीही फ्रील यांचे हे नाटक जरूर वाचावे. कोणते नाव मुखपृष्ठावर घ्यावे हे आपण पुष्कळ विचार करून ठरवितो. कोणती मेबल गाळली गेली, हेही एकदा विचारून पाहावे.