‘आम्ही’ आणि ‘आपण’

पेसाह झाल्यावर मी लेकीकडे लंडनला आले. जूनमध्ये बेन गुरियन विमानतळ बंद झाला आणि मुक्काम लांबला. त्यामुळे सोमवारी, 7 जुलै 2025 ला, इथला स्मरणदिन टीव्हीसमोर बसून सबंध पाहिला. 2005 सालच्या त्याच तारखेला, गुरुवारी सकाळी, लंडनच्या तीन भुयारी गाड्यांत आणि 30 नंबरच्या बसमध्ये बॉम्ब फुटले आणि 52 माणसे गेली. त्याला वीस वर्षे झाली. हाइड पार्कमधल्या स्मारकापाशी सकाळी 8.50 ला पंतप्रधान किअर स्टार्मर आणि महापौर सादिक खान यांनी पुष्पचक्रे वाहिली. पुढे सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाली, तिला राजाचे धाकटे भाऊ एडवर्ड पत्नीसह हजर होते. राजाचा संदेशही आला.

सोहळा नेटका होता. अशा कामात इंग्रज सहसा चुकत नाहीत. मला खटकली ती भाषा.

पंतप्रधानांच्या निवेदनाचा आशय असा, की ज्यांनी फूट पाडायला पाहिले ते हरले; तेव्हा आम्ही एकत्र उभे राहिलो, आजही उभे आहोत. दहा वर्षांपूर्वी डेव्हिड कॅमेरून यांनीही, आम्ही दहशतीपुढे दबणार नाही, हेच सांगितले होते. पक्ष बदलला, निबंध तोच! वर्गात दोन वह्यांत असे सारखे उत्तर सापडले असते तर मी दोघांनाही उभे केले असते.

माझगावच्या एली कदूरी शाळेत आम्हांला मराठीच्या बाईंनी शिकवलेले मला अजून आठवते. दारात पाहुणा उभा असताना ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटले तर तो घरी जातो. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले तर त्याचे ताट मांडावे लागते. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिब्रूतही एकच ‘अनाख्नू’. म्हणून पुढाऱ्यांची सोय होते. पंतप्रधानांचे वाक्य मराठीत करायला बसले, तेव्हा पेन अडले. रसेल स्क्वेअरजवळच्या बोगद्यात सव्वीस जण गेले. त्यांतल्या एखाद्याच्या आईला ‘ते हरले’ हे वाक्य कसे ऐकू येत असेल? तिच्या घरापुरते ते हरलेले नाहीत. ‘आपण’ लिहायचे तर आधी तिला विचारायला हवे, आणि ‘आम्ही’ लिहिले तर ती दाराबाहेर.

या कुटुंबांना तसे बाहेर ठेवलेही होते. त्यांनी स्वतंत्र सार्वजनिक चौकशी मागितली, ती सरकारने दिली नाही. त्याऐवजी मे 2006 मध्ये एक सरकारी वृत्तान्त आला. त्यात मारेकरी ल्यूटनहून 7.40 च्या गाडीने निघाले असे छापले होते. ती गाडी त्या दिवशी रद्द झालेली होती! जुलैमध्ये गृहमंत्री जॉन रीड यांना पार्लमेंटमध्ये चूक कबूल करावी लागली. खरे स्मरण झाले ते मृत्यूच्या न्यायालयीन तपासणीत, ऑक्टोबर 2010 ते मे 2011 या महिन्यांत, न्यायमूर्ती लेडी हॅलेट यांच्यासमोर. तिथे एकेका माणसाविषयी विचारले गेले. कुठे बसला होता, मदत कधी पोहोचली, शेवटी जवळ कोण होते. माझ्या मते त्या साक्षी सगळ्या भाषणांहून मोठ्या आहेत.

आपल्याकडे तरी काय वेगळे? मुंबईत 26 नोव्हेंबरला हुतात्मा पोलिसांना मानवंदना होते, ती व्हायलाच हवी. पण सीएसटीवर गाडीची वाट पाहत गेलेल्या माणसांच्या वाट्याला ‘मुंबई स्पिरिट’ येते. दुसऱ्या दिवशी कामावर जाणे भाग असते, त्याला स्पिरिट म्हणायचे. इस्रायलमध्ये 2023 च्या योम हाझिकारोनला कितीतरी कुटुंबांनीच मंत्र्यांना विनवले, की दफनभूमीत भाषणे नकोत. भोंगा वाजतो तेवढा वेळ सगळे उभे राहतात. मला तोच भाग खरा वाटतो. आपल्या हश्काबामध्येही मृताचे नाव घ्यावे लागते. ‘बळी’ म्हणून भागत नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन हाइड पार्कला गेले. 2009 मध्ये चार्ल्स यांच्या हस्ते झालेले हे स्मारक कार्मोडी ग्रोर्क या वास्तुकारांचे. माणसामागे एक असे स्टेनलेस स्टीलचे 52 खांब, साडेतीन मीटर उंच, चार जागांप्रमाणे चार घोळक्यांत. प्रत्येक खांब वेगळा ओतलेला आहे, त्यामुळे एकाचा पोत दुसऱ्यासारखा नाही. हात फिरवला की कळते. गर्दीत उभे असल्यासारखे वाटते, आणि ते बरोबर आहे, कारण ही माणसे गर्दीतच गेली. खांबावर जागा, तारीख आणि वेळ आहे. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या खांबांवर 9.47. म्हणजे पुष्पचक्राच्या 8.50 ला त्या तेरा जणांची सकाळ अजून चालू होती. स्टेशने बंद झाली म्हणून बरेच लोक त्या बसमध्ये चढले होते. जिथे ती फुटली, तिथल्याच बागेत गांधीजींचा पुतळा बसलेला आहे, 1968 पासून.

एक उणीव मात्र सांगते. खांबांवर नावे नाहीत. ती बाजूला, गवताच्या चढावर एका पट्टीवर आहेत. कलेच्या दृष्टीने कदाचित योग्य असेल, पण म्हाताऱ्या माणसाला कोणता खांब कोणाचा हे कळत नाही, आणि आपला माणूस कुठे उभा आहे हे शोधायलाच तर माणूस तिथे जातो.

मी पट्टीपाशी वाकून बोट ठेवत एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. नावे कितीतरी देशांची, काहींचे उच्चार चुकलेच असतील. लेक म्हणाली, “आई, बस चुकेल.” माझी एकोणचाळीस झाली होती. म्हटले, पुढची घेऊ.