मुखावाचून माणूस

भांड्याला आपण तोंड देतो, गळा देतो, कान देतो, पोट देतो. भाषेने ज्याला असे मनुष्यरूप दिले, त्याला आमच्या कुंभारांनी मातीतही ते दिले काय? पेरू देशाच्या मोचे लोकांची पात्रे पाहताना हा प्रश्न आमच्या मनात आला.

इसवी सनाच्या पहिल्या सात-आठ शतकांत पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर हे लोक चाकावाचून, दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, पोकळ पात्रे घडवीत. त्यांपैकी कित्येक म्हणजे विशिष्ट व्यक्तींचे हुबेहूब चेहरेच होत. दोन साच्यांची हीच युक्ती सातवाहनकाळी मराठवाड्यातही होती. तेरच्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती तिची साक्ष देतात. त्यांची केशरचना व अलंकार मोठे रेखीव आहेत. परंतु तो चेहरा कोणा एकाचा नव्हे. एवढ्यावरून आमच्या कारागिरांस माणूस दिसलाच नाही, असा निकाल देणे मात्र आम्हांस उतावीळपणाचे वाटते.

ह्यासाठी तेरहूनही मागे, घोड नदीकाठच्या इनामगावाकडे वळले पाहिजे. डेक्कन कॉलेजाने तेथे १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन केले. मृत बालकांस तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची तेथे चाल होती. प्रौढांस पुरताना पावले तोडीत. एका पुरुषाला मात्र पावले न तोडता, चार आखूड पायांच्या, फुगीर पोटाच्या रांजणात बसविलेले आढळले. त्या रांजणाला मुख नाही. तरी ते पोट पाहून मातेच्या उदराची आठवण न होणारा प्रेक्षक विरळा. तेथेच मातीच्या पेटीत जपून ठेवलेली एक देवीही मिळाली, तीही शिरावाचून.

मोचे कुंभाराने माणूस बाहेरून पाहिला आणि त्याची ओळख राखली. इनामगावच्या कुंभाराने माणसाला आत घेतले. पहिल्याची कारागिरी निःसंशय श्रेष्ठ आहे. आपल्या त्या पूर्वजांपैकी एकाचाही चेहरा आपणांस ठाऊक नाही, ही हानी आम्ही लहान मानीत नाही. पण चेहऱ्याचे सादृश्य हीच कलेची एकमेव कसोटी धरली, तर तो रांजण केवळ रांजणच उरेल. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणारे आमचे वाचक वस्तुसंग्रहालयातील मातीच्या वस्तूंसमोरून मुलाबाळांना घेऊन 'खेळणी' म्हणत पुढे सरकतात. त्यांनी तेथे क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.