गाभा आणि काच : दंतमृत्तिकांच्या संशोधनातील एक विसंगती

दातांवर बसवावयाच्या टोप्यांसाठी काचेचे आवरण असलेली मृत्तिकाद्रव्ये सिद्ध करण्याचे प्रयत्न गेली सहा दशके चालू आहेत. या काळात आतील गाभ्याचे सामर्थ्य वाढत गेले, हे निर्विवाद होय. परंतु गाभ्याचे सामर्थ्य म्हणजेच टोपीचे सामर्थ्य, असा जो समज या विषयाच्या अभ्यासात नकळत रुजला आहे, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९६५ साली ब्रिटनमध्ये मॅकलीन व ह्यूज यांनी पोर्सेलीनच्या काचेत ॲल्युमिनाचे स्फटिक मिसळून गाभा बळकट केला आणि त्यावर दातासारखे दिसणारे साधे पोर्सेलीन चढविले. त्यांच्या मांडणीचे मर्म केवळ स्फटिकांच्या कठीणपणात नव्हते. काच व स्फटिक यांचे औष्णिक प्रसरण परस्परांशी जुळते ठेवण्यातही होते. पुढे १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील गार्वी, हॅनिंक व पॅस्को यांनी झिर्कोनियाच्या चिवटपणाचे रहस्य उलगडले. भेगेच्या टोकाशी स्फटिकांचे रूप पालटते, त्यांचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते आणि भेग आवळली जाते. इट्रियाने स्थिर केलेल्या अशा झिर्कोनियाचे नमनसामर्थ्य ९०० ते १,२०० मेगापास्कल भरते. त्यावरील पोर्सेलीनचे मात्र १०० च्या आसपासच राहते.

परिणाम असा, की गाभा क्वचितच मोडतो; टवके उडतात ते वरच्या काचेचे. याचे कारण भट्टीतून बाहेर आल्यावरच्या काही मिनिटांत दडलेले आहे. झिर्कोनिया उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे टोपी झपाट्याने निवविली असता काचेचा बाह्य थर आधी घट्ट होतो, आतील थर मागाहून आकसू पाहतो, आणि काचेच्या पोटात ताण कायमचा साठून राहतो. थर जितका जाड, तितका हा धोका अधिक. त्यात तोंडातील ओलावा भेगेच्या टोकाशी काचेचे बंध हळूहळू तोडीत असतो.

या पार्श्वभूमीवर प्रचलित चाचण्यांकडे पाहावे. घासून गुळगुळीत केलेली सपाट पट्टी कोरड्या हवेत एकदाच वाकवून मोडावयाची, हा परिपाठ गाभ्याचा गुण सांगतो. वक्र, जाड-पातळ आवरणाच्या टोपीचे भवितव्य सांगत नाही. गाभा व काच यांच्यातील चिकटपणाचे मापनही बहुधा भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते; कारण पुष्कळदा भेग सांध्यावरून न धावता काचेच्या अंगातूनच धावते.

आवरणच नको, असा एक पक्ष आहे. परंतु संपूर्ण झिर्कोनियाची टोपी पारभासक करण्यासाठी इट्रियाचे प्रमाण वाढविले, की रूप पालटणारे स्फटिक कमी होतात आणि ज्या चिवटपणासाठी हे द्रव्य निवडले तोच उणावतो. याउलट न्यूयॉर्क विद्यापीठातील झांग यांनी जुळत्या प्रसरणाची काच झिर्कोनियाच्या पृष्ठभागात मुरविण्याची जी पद्धत मांडली, तीत दोन द्रव्यांमधील तीव्र सीमारेषाच पुसट होते. विचार म्हणून ती अधिक सयुक्तिक वाटते. कारण ती काचेला शोभेची वस्तू न मानता रचनेचा घटक मानते.

तेव्हा पदव्युत्तर अभ्यासकांनी नमुन्याच्या सामर्थ्याबरोबर तो निवविण्याचा वेग आणि आवरणाची जाडी यांची नोंद अवश्य करावी, आणि पाण्यात पुनःपुन्हा भार देऊनच निष्कर्ष काढावा. टोपी बसविण्यासाठी खरवडलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही. प्रयोगशाळेत मोडलेली पट्टी टाकून देता येते. रुग्णाच्या दाताच्या बाबतीत ती सोय नाही.