अणू जुळले म्हणजे समीकरण बरोबर आलं का?



दिवाळीत गावी, नारायणगडाजवळ होतो. चुलत भाऊ दहावीला आहे. बालभारतीच्या विज्ञान भाग १ मधला तिसरा धडा, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’, घेऊन बसला होता. दोन्ही बाजूंचे अणू मोजायचे, आकडे बदलत जायचे, जुळले की पुढचं गणित. पठ्ठ्या पटापट सोडवत होता.

२०१८ चं हे पुस्तक वाईट नाही. एकेका मूलद्रव्याचे अणू मांडून दाखवायची रीत चांगलीच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अणू जुळले की काम संपलं, अशी सवय तिथून लागते आणि ती एम.एस्सी.पर्यंत सुटत नाही. माझीही सुटली नव्हती.

आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. डावीकडे परमँगनेट २, पेरॉक्साइड ५, सल्फ्युरिक आम्ल ३. उजवीकडे पोटॅशियम सल्फेट १, मँगनीज सल्फेट २, पाणी ८, ऑक्सिजन ५. जुळतं. आता पेरॉक्साइड ७, पाणी १० आणि ऑक्सिजन ६ करा, बाकी तसंच ठेवा. हेही जुळतं! दोन्हीकडे ऑक्सिजनचे अणू ३४, हायड्रोजनचे २०. कागदावर मोजून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

असं का होतं? पदार्थ सात, मूलद्रव्यं पाच. म्हणजे सात अज्ञात आणि पाचच अटी. एरवी एकच उत्तर आणि त्याच्या पटी निघतात, इथे एक वाट जास्तीची उघडी राहते. त्या वाटेने पेरॉक्साइडचं स्वतःचंच विघटन (२ रेणूंपासून पाणी २, ऑक्सिजन १) गुपचूप मिसळतं. अणूंच्या मोजणीला ते दिसत नाही, इलेक्ट्रॉनच्या हिशोबाला दिसतं. मँगनीज +७ वरून +२ वर येतो, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतो. पेरॉक्साइडचा रेणू ऑक्सिजन होताना दोन देतो. म्हणून प्रमाण २ ला ५ च. सातातले सहा रेणू ऑक्सिजन झाले, तर सातवा पाणी झालाय, आणि त्याचा परमँगनेटशी काही संबंध नाही.

अकरावीत ऑक्सिडीकरण अंकाची पद्धत येते खरी, पण ‘अवघड समीकरणांसाठी दुसरी युक्ती’ म्हणून. पहिली पद्धत कुठे फसते, हे कुणी सांगत नाही.

टायट्रेशनमध्ये याची किंमत मोजावी लागते. मी मोजली. ७ धरून हिशोब केला आणि ३ टक्क्यांच्या बाटलीचं उत्तर ४.२ आलं. सरळ ४० टक्के जास्त. दोन दिवस ब्युरेट धुतोय, द्रावण नवं करतोय, बाटलीवरच्या लेबलला शिव्या देतोय. रीडिंग सगळी बरोबर होती. समीकरण वहीत ‘संतुलित’ असल्यामुळे तिकडे बघायचं सुचलंच नाही.

सेट-नेटची तयारी करताना एकदा पेरॉक्साइड ९ घेऊन बघा. पाणी १२, ऑक्सिजन ७. तेही जुळेल. भावाला हे दाखवलं तर म्हणाला, “दादा, मग परीक्षेत कोणतं लिहू?”