‘चांचे’ हा शिक्का आणि सरखेल कान्होजी आंग्रे

कर्नल जॉन बिडल्फ यांचा ‘मलबारचे चांचे’ अशा अर्थाच्या नांवाचा इंग्रजी ग्रंथ 1907 सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी दप्तरांचा आधार व सुबोध कथन हे त्याचे गुण निर्विवाद होत. परंतु ग्रंथाच्या नांवांतच कान्होजीविषयीं जो निकाल देऊन ठेविला आहे, तो पुराव्यापुढें टिकत नाहीं.

चांचा तो, ज्याच्या पाठीशीं कोणतीहि राजसत्ता नाहीं. कान्होजीची सरखेली ही राज्याची नेमणूक होती, व बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें शाहू छत्रपतींनीं ती कायम केली. 1712 सालीं मुंबईच्या गव्हर्नराची नौका त्याच्या आरमारानें पाडाव केली. तेव्हां 1713 सालीं मुंबईकरांनीं त्याच्याशीं तहच केला. पुढें 1718 सालीं खांदेरीवर, 1720 सालीं विजयदुर्गावर, व 1721 सालीं पोर्तुगीजांस मिळवून घेऊन कुलाब्यावर इंग्रजांनीं स्वाऱ्या केल्या, तीनहि फसल्या. 1722 च्या आरंभीं पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं वेगळा तह केला. ज्याच्याशीं तह करावयाचा, त्यासच चोर म्हणावयाचें, हा न्याय कोणता?

दस्तक नसलेलीं जहाजें कान्होजी धरीत असे व खंडणी घेऊन सोडीत असे, हें खरें. तें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु परवान्यावांचून समुद्रांत फिरूं नये, हा दंडक सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनींच या किनाऱ्यावर घातला होता. एकानें केला म्हणजे कायदा, व दुसऱ्यानें केला म्हणजे दरोडा, असें इतिहासांत चालत नाहीं.

हाच कांटा आपल्याकडेहि लावला पाहिजे. 1742 पासून रघूजी भोसल्यांच्या फौजांनीं बंगाल्यांत जो उपद्रव दिला, त्याची साक्ष खुद्द बंगाली साहित्यांत आहे. ती नागपूरकरांस अप्रिय म्हणून टाकून देणें, व बिडल्फसाहेबांस मात्र पक्षपाती म्हणणें, हें संशोधकास शोभत नाहीं. कान्होजीचा कलंक पुसावयाचा तो अभिमानानें नव्हे, कागदांनीं.

सरखेलाचा गौरव झाला आहे. 1951 सालीं मुंबईंतील नौदलाच्या तळास ‘आंग्रे’ हें नांव मिळालें. पण खांदेरी एकट्या सरखेलानें राखिली नाहीं. गुराबांचे तांडेल, तोफांवरील गोलंदाज, वल्हीं मारणारे कोळी व भंडारी यांची नांवें कोणत्या ग्रंथांत आहेत? बखरकारांनीं तीं गाळिलीं, इंग्रजांनीं त्यांस ‘चांच्यांची टोळी’ एवढेंच म्हटलें. अशीं नांवें सांपडावयाचीं तीं हजिरीच्या पटांत, मुशाहिऱ्याच्या यादींत, जखमी व मयतांच्या बक्षीसपत्रांत. संग्राहक सनदा व मोहोरबंद पत्रें जपतात, व असले फुटकळ कागद रद्दींत जाऊं देतात. धन्याची सनद धन्याचा अधिकार सिद्ध करील. परंतु त्याच्या शब्दाखातर जे बुडाले, त्यांचा हिशेब त्या फुटकळ कागदांवांचून अन्यत्र लागणार नाहीं.